पुलाच्या खिळ्यापासून घरापर्यंत, आणि परत

“समुद्रसपाटीपासून माझं मन किती फूट उंचीवर आहे, सांगशील का?”

हा प्रश्न मला विचारायचा होता. भर दुपारी, मोठ्यानं, एका अनोळखी मुलाला. नाही विचारला, तर मिस टिलीच्या टपरीवरचा लोणच्याच्या पाण्याचा बर्फाचा गोळा, तोही मोठ्यात मोठा कप, तळापर्यंत संपवायचा. माझ्या दोघी मैत्रिणींपैकी पैज लानची, शब्द डेझिरेचे, आणि अब्रू माझी!

गेल्या वर्षीच्या एलोडी शेरामीनं मुकाट्यानं तो गोळा खाल्ला असता. पण यंदाची एलोडी वेगळी आहे. यंदा माझ्या दातांवरची तार निघाली. दुसऱ्या खेपेला का होईना, गाडीचं लायसन्स मिळालं. आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भर वर्गात उभं राहून इतिहासाच्या सरांना सांगितलं, की तुमची तारीख चुकलीय. आणि ती खरंच चुकली होती! तेव्हापासून मला वाटायला लागलंय, की आपल्याला जगात काहीही जमू शकतं. ममा म्हणते, “ताप आहे. उतरेल.”

तर तो मुलगा.

सप्टेंबरातला शनिवार होता. हवा इतकी दमट, की आमच्या संथ खाडीच्या, बायूच्या, पाण्यात आणि बाहेर काही फरकच वाटू नये. मी आमच्या घराखाली उभी राहून होडी धूत होते. आमचं घर खांबांवर आहे, त्यामुळे घराखाली अख्खा संसार मावतो. होडी, कोळंबीची जाळी, पॉपची, म्हणजे वडिलांची, फाटकी खुर्ची. माझ्या पायात पॉपचे पांढरे रबरी बूट, केसांना कोळंबीचा वास… आणि मागून कुणीतरी खाकरलं. मी पाइपासकट वळले.

पाण्याची पूर्ण धार त्याच्या छातीवर!

तो हलला नाही. एका हातात तिपाई, दुसऱ्या हातात पिवळी दुर्बीण. तेवढी त्यानं डोक्याच्या वर उचलून धरली होती, एखादं बाळ वाचवावं तशी. मी नळ बंद केला, तेव्हा त्यानं खाली आपल्या शर्टाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं,

“इथे पुराचं पाणी इथपर्यंत येतं, असं लिहून घेऊ का?”

“तुझ्या गळ्यापर्यंतसुद्धा येऊ शकतं,” मी म्हणाले. “माणूस बघून ठरवतं.”

तो हसला. त्याला हसताना एकाच गालाला खळी पडते. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

त्याच्या मागून त्याची आत्या आली, मिस ऑर्लीन फाल्गू. बायूच्या वरच्या अंगाला घरांच्या उंचीचा दाखला द्यायचा तो हिनं. तिच्या शिक्क्याशिवाय विमावाले कुणाकडे बघतसुद्धा नाहीत. तिचा गुडघा आखडलेला, टोपी चपटी, आणि आवाज बोटीच्या भोंग्यासारखा.

“हा लूसियन. माझा भाचा. शाळेचं शेवटचं वर्ष. तीन वर्षं दुर्बिणीतून बघतोय, एकदाही चुकला नाही. पण कामावर मला टांट म्हणायचं नाही, मिस ऑर्लीन म्हणायचं, एवढं मात्र त्याला जमत नाही.”

“हो, टांट,” लूसियन म्हणाला. आमच्याकडे आत्या काय, मावशी काय, सगळ्या टांटच.

आता हा दाखला आमच्यासाठी काय होता, ते सांगते. आमच्या बाजूला घराचा मजला समुद्रसपाटीपासून अकरा फुटांच्या वर हवा. अकराच्या वर असेल, तर विमा आवाक्यात राहतो. खाली असेल, तर विम्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आणि विमा नसेल, तर आम्ही इथे राहायचं नाही, हे ममानं मागच्या वादळानंतरच ठरवून टाकलं होतं. घर विकायचं, आणि लफायेत शहरात तिच्या बहिणीकडे, टांट विल्माकडे जायचं. तिथे पॉपला गोदामात नोकरी तयार होती. माझ्यासाठी गुलाबी पडद्यांची खोली तयार होती. गुलाबी!

“साडेअकरा आहे,” पॉप छाती फुगवून मिस ऑर्लीनला सांगत होता. “मी आणि माझ्या भावांनी जॅक लावून उचललं हे घर. मी स्वतः मोजलंय.”

“कशानं?”

“वल्ह्यानं. खुणा केल्यात वल्ह्यावर.”

“अल्सीड,” मिस ऑर्लीन म्हणाली, “वल्ह्यावर शिक्का मारता येत नाही.”

मग ती माझ्याकडे वळली. पट्टी धरणारा माणूस आला नव्हता आणि हिचा गुडघा असा. “ए मुली, तुला सरळ उभं राहता येतं का?”

“यंदापासून येतं,” मी म्हणाले.

काम सोपं आहे, पण मजेशीर. पुलाच्या खांबात एक खिळा आहे. त्याची उंची मिस ऑर्लीननं त्याच महिन्यात उपग्रहावरून नव्यानं काढली होती. आमच्याकडे जमीनच खचते, त्यामुळे जुन्या खुणेवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्या खिळ्यापासून निघायचं. मी आकडे लिहिलेली उंच पट्टी घेऊन उभं राहायचं, त्यानं लांबून दुर्बिणीतून आकडा वाचून वहीत लिहायचा, मग दोघांनी पुढे सरकायचं. असं टप्प्याटप्प्यानं घरापर्यंत. आणि मग त्याच रीतीनं परत पुलापर्यंत. निघालो त्या उंचीवर परत पोचलो, तर फेरी जुळली. नाही जुळली, तर कुठेतरी गफलत आहे.

“फेरी जुळल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही,” मिस ऑर्लीन म्हणाली. “हा आमचा पहिला नियम.” आणि ती एसी लावून ट्रकमध्ये जाऊन बसली.

“पट्टी हळूच पुढे-मागे झुलव,” लूसियन लांबून ओरडला. “सगळ्यात कमी आकडा दिसेल, तेव्हा पट्टी सरळ असते.”

“अशी?”

“हळू! अगं, तू नाच करत नाहीयेस!”

“तुला काय माहीत?”

तो दुर्बिणीला डोळा लावून वाकला. वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. पट्टीचा आकडा वाचायला इतका वेळ लागतो का? मला वाटलं… जाऊ दे.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. समोर लानच्या वडिलांच्या बोटीवर लान आणि डेझिरे पाय सोडून बसल्या होत्या. पाइप, पाणी, खळी, सगळं त्यांनी बघितलं होतं. मेसेजमध्ये तो प्रश्न होता, पैज होती, आणि गोळ्याचं चित्र.

मी लोणच्याच्या पाण्याचा विचार केला. मी इतिहासाच्या सरांचा विचार केला. आणि पन्नास पावलांवरून, पट्टी झुलवत, जिवाच्या आकांतानं ओरडले,

“लूसियन! समुद्रसपाटीपासून माझं मन किती फूट उंचीवर आहे, सांगशील का?”

 पलीकडे जाळं शिवणाऱ्या मिस्टर हबर्टच्या हातातली सुई थांबली. एक पाणकोंबडासुद्धा थांबला, शपथ! लूसियननं दुर्बिणीवरून डोकं वर काढलं. त्याचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे लाल झाले होते. तो परत दुर्बिणीत वाकला, चटकन काहीतरी लिहिलं, पेन्सिलीचं टोक मोडलं.

“पुढे सरक!” एवढंच तो ओरडला.

बोटीवर लान आणि डेझिरे एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मी जिंकले होते. मग ‘पुढे सरक’ ऐकूनही मी तिथेच पट्टी झुलवत का उभी होते, कुणास ठाऊक.

घरापर्यंत पोचलो आणि आभाळ फाटलं. विजा व्हायला लागल्यावर पट्टी धरून उभं राहणं म्हणजे वर जाण्याचा शॉर्टकट. मिस ऑर्लीननं परतीची फेरी पुढच्या शनिवारवर टाकली आणि आम्ही सगळे वर घरात शिरलो. ममानं गंबोचा दाट रस्सा वाढला. पॉपनं लूसियनच्या वाडग्यात कोळंबीचा दुसरा डाव ओतला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं,

“मग, किती भरलं घर?”

“साडेदहा, मिस्टर अल्सीड,” तो तोंडात घास असतानाच बोलून गेला.

मिस ऑर्लीनचा चमचा वाडग्यावर आपटला. “लूसियन!”

पण आकडा निघाला तो निघाला. पॉपचा चेहरा… मी पॉपला वादळात बघितलंय, बोट बुडताना बघितलंय, असा चेहरा कधी बघितला नव्हता. तो उठला आणि भिंतीला टेकवलेल्या वल्ह्याकडे बघत राहिला, जणू त्यानं दगा दिला होता.

त्या आठवड्यात घरात नुसती बांधाबांध. पॉपनं कुठल्या भावाला कोणतं जाळं द्यायचं, याची यादी सुरू केली. ममानं टांट विल्माला फोन केला. मला फोनवर बोलावलं, आणि टांट विल्मा म्हणाली, “शा, लाडके, पडद्यांना झालरसुद्धा लावलीय गं!”

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तडक मिस टिलीच्या टपरीवर गेले. दुःखात माणसाला स्ट्रॉबेरीचा गोळा लागतो. आणि तिथे बाकावर, कपाकडे बघत, लूसियन बसला होता. त्याचं गाव तिथून अर्ध्या तासावर. गोळ्यासाठी एवढ्या लांब कोण येतं?

“तुमच्या गावात बर्फ मिळत नाही?” मी विचारलं.

“मिळतो,” तो म्हणाला. “पण तिथे तू… म्हणजे तिथे मिस टिली नाही.”

मी त्याच्या शेजारी बसले. थोडी लांब. मग थोडी कमी लांब.

“एलोडी, मी आकडा सांगायला नको होता.”

“नकोच होता.”

“तुझे वडील खरंच जाणारेत?”

“सामान बांधतोय तो. पण मला एक समजत नाही. वल्हं म्हणतं साडेअकरा, तू म्हणतोस साडेदहा. बरोब्बर एका फुटाचा फरक. पॉप दोन-चार इंच चुकेल. बरोब्बर एक फूट कसा चुकेल?”

त्यानं कप खाली ठेवला. बर्फ वितळून त्याच्या बुटावर ओघळत होता.

“पट्टीवर फुटांचे आकडे लाल असतात,” तो हळूच म्हणाला. “दुर्बिणीत कधी कधी तो लाल आकडा नीट दिसत नाही. पाचाच्या जागी सहा लिहिला, तर घर एक फूट खाली जातं. नवशिके अशी चूक करतात. मी कधीच केली नाही. पण… तो दुसरा टप्पा. तू तो… तो प्रश्न विचारलास, तेव्हा. मी काहीतरी लिहिलं एलोडी, पण काय वाचलं ते मला आठवत नाही. कारण मी पट्टीकडे बघतच नव्हतो.”

“मग कुठे बघत होतास?”

त्यानं वाकून बुटावरचा बर्फ झटकला. कान मात्र पुन्हा खेकडा झाले.

मला एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटलं. तो माझ्याकडे बघत होता! आणि माझ्याकडे बघता बघता त्यानं आमचं घर एक फूट बुडवलं होतं!

“शनिवारी कळेल,” तो म्हणाला. “फेरी जुळली नाही, तर.”

फेरी जुळू नये म्हणून प्रार्थना करणारी मी आमच्या भागातली पहिलीच मुलगी असणार.

शनिवारी पॉप, ममा, आणि अर्थात लान आणि डेझिरे, सगळे हजर. घरापासून पुलाकडे आम्ही परत निघालो. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तो दुर्बिणीत बघे, लिही, पुढे सरके. पुलाशी पोचल्यावर मिस ऑर्लीननं वही घेतली, बेरीज-वजाबाकी केली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“या वहीप्रमाणे,” ती म्हणाली, “हा पूल आठवड्यात एक फूट खचलाय.”

सगळ्यांनी पुलाकडे बघितलं. त्याच्यावरून ट्रक आरामात चालले होते.

“म्हणजे घर साडेअकरा!” मी ओरडले.

“म्हणजे काही नाही,” मिस ऑर्लीन म्हणाली. “चूक जाताना झाली की येताना, ते वही सांगत नाही. आज झाली असेल, तर तुमचं घर साडेदहावरच आहे.” मग तिनं वहीचं आधीचं पान उघडलं आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे एक आकडा घाईत गिरवलेला, शेजारी मोडलेल्या पेन्सिलीचा काळा ठिपका. “या टप्प्यावर काय झालं होतं? लूसियन फाल्गू, तीन वर्षांत मी तुझा असा आकडा बघितला नाही. झोपला होतास? उद्यापासून ऑफिसात झेरॉक्स काढायला बसायचं!”

“चूक माझीच आहे, टांट. मिस ऑर्लीन.” त्यानं मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही.

गेल्या वर्षीची एलोडी बोटीखाली लपली असती.

“चूक माझी आहे!” मी म्हणाले. “मी त्याला एक प्रश्न विचारला होता. ओरडून.”

“कोणता प्रश्न?” पॉपनं विचारलं.

मी ममाकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. आणि सांगितला. अक्षरन् अक्षर.

ममानं कपाळावर हात मारून घेतला. मिस्टर हबर्ट बोटीवरून म्हणाला, “हो हो, मी ऐकला होता, साक्ष देतो.” मिस ऑर्लीननं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तिच्या तोंडाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. मग तिनं ट्रकमधून एक कागदी पिशवी आणली, त्यातून पेकनच्या दाण्यांची एक मोठी चिकट प्रालीन वडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“तोंडात टाक. सगळी. संपेपर्यंत बोलायचं नाही. आणि तू,” ती भाच्याला म्हणाली, “पट्टी बघायची. पट्टी लाकडाची असते. पट्टीला डोळे नसतात.”

पुन्हा पुलापासून. पहिला टप्पा. दुसरा टप्पा, तीच जागा. मी पट्टी झुलवत होते, हळू, पुढे, मागे, दात वडीत रुतलेले. पॉप वल्हं छातीशी धरून उभा होता. लूसियन वाकला. मी श्वास रोखला. त्यानं आकडा लिहिला, परत डोळा लावला, परत बघितला.

“पाच,” तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. “टांट, पाच आहे. सहा नाही, पाच!”

पण मिस ऑर्लीन नियम मोडणारी नव्हे. घरापर्यंत गेलो. परत पुलापर्यंत आलो. तिनं बेरीज केली. एकदा, दोनदा.

“जुळली,” ती म्हणाली. “केसाएवढासुद्धा फरक नाही. अल्सीड, तुझं घर साडेअकरावर आहे.”

पॉपनं वल्ह्याचा मुका घेतला. मग ममाचा. मग, मला वाटतं चुकून, मिस ऑर्लीनच्या टोपीचा.

सगळे घराकडे गेले. मी पुलापाशी पट्टी दुमडत राहिले, नको तितका वेळ. लूसियन तिपाईचे पाय मिटवत होता, तेही नको तितका वेळ.

“वडी संपली?” त्यानं विचारलं.

“अंहं.” मग मी गिळली. “संपली.”

“मग माझ्या प्रश्नाचं उत्तर… म्हणजे तुझ्या प्रश्नाचं.” तो पुलाच्या खिळ्याकडे बघत बोलत होता. “ते एका फेरीत सांगता येत नाही, एलोडी. जावं लागतं, परत यावं लागतं. जुळलं तरच आकडा सांगायचा. नियम आहे.”

“किती फेऱ्या लागतील?”

“माहीत नाही… दर शनिवारी एक?”

“आणि तुझं? तुझं मन किती फुटांवर आहे?”

“माझं?” त्यानं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. खळी पडली. “ते तर तू पाइपानं मोजलंस. पहिल्याच दिवशी बुडालं.”

मी पट्टी त्याच्या हातात दिली. दोघांचीही बोटं पट्टीवरच राहिली, साधारण चार फूट दोन इंचांच्या खुणेपाशी. लांबून लानची शिट्टी ऐकू आली. त्या पोरीला लोणच्याचा गोळा खायला लावणार आहे मी, मोठ्यात मोठा!

त्या संध्याकाळी जेवताना पॉप फार खुशीत होता. पण ममा मध्येच चमचा ठेवून म्हणाली, “तरी जमीन खचतेच आहे. आज साडेअकरा, उद्या काय? मी काय म्हणते, आपण राहू, पण एलोडीनं नाताळनंतर लफायेतच्या शाळेत जावं. विल्मानं पडदेसुद्धा शिवलेत.”

पॉपनं माझ्याकडे बघितलं. नाही म्हण, असं ते बघणं नव्हतं, आणि हो म्हण असंही नव्हतं.

मी उभी राहिले. पट्टी धरताना राहतात तशी, सरळ.

“ममा, पॉप, ऐका. जमीन खचते, म्हणूनच तर दर वर्षी कुणीतरी मोजायला हवी. मिस ऑर्लीनचा गुडघा काही बरा व्हायचा नाही. पुढच्या शनिवारपासून तिची पट्टी मी धरणार आहे, मी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली. शाळा संपली की मी हेच काम शिकायला जाणार आहे. आणि शिकून परत इथेच येणार आहे, कारण निघालो तिथे परत पोचल्याशिवाय काही जुळत नाही. टांट विल्माला सांगा, पडदे छान आहेत, पण मी येत नाही. आणि हो, लूसियन उद्या दुपारी जेवायला येतोय. पॉप, तोंडात घास असताना त्याला काहीही विचारायचं नाही!”

मग मी खाली बसले आणि गंबोचा दुसरा डाव घेतला.